हरणाबाईचा चेहरा

पुण्यात सिनेमा शिकायला गेलेल्या मल्हारला पहिल्याच महिन्यात एका रशियन दिग्दर्शकानं झपाटलं. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस, मूकपटांच्या काळातला. क्रांती नुकतीच झालेली, कोऱ्या फिल्मची मारामार. मग हा गडी जुनेच तुकडे कापून नव्यानं जोडत बसायचा. एका नटाचा कोरा चेहरा त्यानं एकदा सूपच्या वाटीशेजारी लावला, एकदा शवपेटीशेजारी. बघणारे हळहळले, काय भूक दाखवली, काय दुःख दाखवलं! चेहरा तोच होता, तसूभरही न बदललेला. हे ऐकून मल्हारच्या अंगावर काटा आला. वर्गात त्याच्या शेजारी बसलेला इस्लामपूरचा जयराज मात्र हसत सुटला.

"भारीच की गड्या. म्हंजे आपल्याला काय वाटलं, ते दुसऱ्यानंच ठरवायचं."

मल्हार कवठे महांकाळकडच्या मेंढपाळाचा पोरगा. बाप लहानपणीच गेलेला. आई हरणाबाईनं मेंढरांच्या जिवावर त्याला शिकवलं. तो पुण्यात असतानाच गावच्या गायरानाला तारेचं कुंपण पडलं. सोलरवाल्या कंपनीला जमीन मिळवून दिली ती जयराजच्या चुलत्यानं, पुढारी लालासाहेबांनी. हरणाबाई आणि शेजारची सुलाबाई तहसीलसमोर उन्हात बसल्या, पोलिसांच्या शिव्या खाल्ल्या. कुंपण काही हललं नाही. चरायला रान उरलं नाही तेव्हा हरणाबाईनं कळप विकून टाकला.

मल्हार कॅमेरा घेऊन गावी आला. मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी बसलेल्या आईचा चेहरा त्यानं टिपला. डोळे भरून आलेले, ओठ अर्धवट उघडे. असला शॉट आयुष्यात एकदाच मिळतो, हे त्याला तिथंच कळलं. पुढं जयराजच्या इस्लामपूरच्या स्टुडिओत बसून त्यानं छोटी फिल्म जोडली. मेंढरांनी भरलेला ट्रक धुरळा उडवत जातो, आणि मग आईचा चेहरा. दुसरं काही नाही. जयराजनं मशीन फुकट वापरू दिली, रात्रीचं जेवणही घातलं. चुलत्याच्या करणीचा राग त्याच्यावर कशाला काढायचा, असं मल्हारला तेव्हा वाटलं.

निवडणूक लागली आणि लालासाहेबांची मोठ्या पडद्याची प्रचारगाडी गावोगाव फिरू लागली. पडद्यावर लालासाहेब पाटाचं पाणी सोडतात, हात जोडतात, आणि लगेच हरणाबाईचा चेहरा. डोळे भरून आलेले, ओठ अर्धवट उघडे. मागनं सनईचे सूर आणि खालनं अक्षरं : 'माउलीच्या डोळ्यांत कृतज्ञतेचं पाणी.'

गाडी चावडीपाशी थांबली तेव्हा हरणाबाई दळण घेऊन चालली होती. सुलाबाईनं तिला वाटेतच अडवलं.

"कवा गेलीस गं लालासाहेबाच्या बंगल्यावर? माझ्या मांडीला मांडी लावून बसली हुतीस न्हवं उन्हात?"

हरणाबाई दळण तसंच घेऊन घरी परतली. त्या दिवसापासून बाया नळावर तिच्याशी बोलेनात.

मल्हारनं जयराजला फोन लावला. घशाला कोरड पडेपर्यंत ओरडला. जयराजनं त्याला मधेच तोडलं.

"आवाज चढवू नगंस. मी चेहऱ्याला हात तरी लावलाय का? फकस्त शेजार बदलला. तुझ्या त्या रशियनानं दुसरं काय केलं हुतं, सांग की."

मल्हार गावी गेला. खरं काय ते दाखवायचं, एवढंच डोक्यात. दिवस मावळताना बिरोबाच्या देवळात त्यानं पडदा म्हणून पांढरं धोतर ताणून बांधलं, प्रोजेक्टर लावला, बायांना घरोघरी जाऊन बोलावलं. आईला पुढं बसवलं. ट्रक गेला, धुरळा उडाला, हरणाबाईचा चेहरा आला. फिल्म संपली.

"ह्ये बी जोडल्यालंच न्हवं?" सुलाबाई म्हणाली. "त्येनी त्येंचं जोडलं, तू तुझं."

"न्हाई मावशे. ह्ये खरं हाय. आये, तू सांग की ह्यास्नी."

हरणाबाईनं पडद्याच्या धोतराकडं बघितलं, मग लेकाकडं.

"ह्यो ट्रक कुणाचा रं?" ती म्हणाली. "आपली मेंढरं टेंपोतनं गेली. आन् गेली तवा तू पुण्यात हुतास."

 ट्रक मल्हारनं सांगलीच्या रस्त्यावर टिपला होता, कुणाच्या तरी मेंढरांचा. त्याला त्यात खोटं काहीच वाटलं नव्हतं.

"मग तू बघत कुणाकडं हुतीस?" सुलाबाईनं विचारलं.

"ह्येच्याकडं. लेक आला म्हणून उठाय लागले हुते. दोन शबूद बोलंल, जवळ बसंल वाटलं. तर ह्यो म्हनला, उठू नगंस आये, हिकडं बघ, तशीच ऱ्हा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "घोटभर पानी बी प्याला न्हाई. डब्बा डोळ्याला लावला तो लावलाच."

बाया एकेक करून उठल्या. सुलाबाईनं हरणाबाईचा हात धरला. "चल गं, माझंच चुकलं," म्हणाली. दोघी पायऱ्या उतरून गेल्या. मल्हारशी कुणीच बोललं नाही, आईही नाही.

लालासाहेब निवडून आले. कुंपण जागच्या जागी राहिलं. हरणाबाई सुलाबाईबरोबर दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत मजुरीला जाऊ लागली.

हिवाळ्यात पुण्यातल्या एका महोत्सवात मल्हारची फिल्म लागली. ट्रक काढून टाकायचा म्हणून तो बऱ्याचदा मशीनवर बसला होता. ट्रकाशिवाय नुसता एका बाईचा चेहरा उरत होता, आणि ती आपल्याकडंच बघतेय हे त्याला सोसवत नव्हतं. ट्रक राहिला. अंधारात माणसं मुसमुसली. एक पिकलेल्या केसांचे समीक्षक उठून उभे राहिले. त्या रशियन दिग्दर्शकाचं नाव घेऊन म्हणाले, "इतक्या प्रामाणिकपणे त्याची रीत वापरलेली मी फार वर्षांनी पाहिली."

मल्हारनं हात जोडले. पुढच्या रांगेतल्या मुलीनं विचारलं, "आई आल्यात का?"

"नाही," तो म्हणाला, "ती मेंढरांमागं आहे."

सभागृहात टाळ्या वाजल्या.