पेटीतला शर्ट

समीक्षाने अत्तराच्या बाटलीत बुडवलेली कागदाची पट्टी हवेत दोनदा हलवली आणि तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आईच्या नाकाशी धरली.

"डोळे मिट आन् सांग, कोनाचा वास आहे?"

तानाबाईंना याचं नवल नव्हतं. आर्णीतल्या याच ओसरीवर पोरीने सरकी, गुरांचं कुटार, ओली माती, काय काय हुंगून पाहिलं होतं. शेजारणी थट्टा करायच्या. पण तेच नाक पुढे कामी आलं. पाचवीपासून ती यवतमाळच्या होस्टेलवर राहिली, रसायनशास्त्र शिकली, कनौजला अत्तराच्या भट्ट्यांवर उमेदवारी केली आणि मुंबईच्या कंपनीत साबण-उदबत्त्यांना वास देता देता आता कुठे तिला स्वतःच्या नावाचं पहिलं अत्तर करायची संधी मिळाली. त्यासाठी तिने एकही फूल घेतलं नाही. बाबांचा वास करायचा, हे वडील, घनश्याम, गेले तेव्हाच तिने ठरवून टाकलं होतं.

आठवण अशी सबंध हाती लागत नाही. तिचे धागे सुटे करावे लागतात. होस्टेलच्या फाटकाशी रविवारी डबा घेऊन उभे असलेले बाबा, तिथून तिने सुरुवात केली. लाल साबण. खोबरेल तेल. पानातली बडीशेप. आणि तळाशी काहीतरी थंड, उग्र, जे काही केल्या सापडेना. शेवटी ती डांबरगोळी निघाली तेव्हा समीक्षा प्रयोगशाळेत ओक्साबोक्शी रडली. कंपनीला अत्तर पसंत होतं. पण आईने बाबांना ओळखल्याशिवाय ते बाजारात जाऊ द्यायचं नाही, असं तिने मनाशी धरलं होतं.

तानाबाईंनी श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पन हा तुह्या बाबाचा वास नाही."

समीक्षाने पट्टी स्वतः हुंगून पाहिली.

"काहून?"

"हा पेटीतल्या शर्टाचा आहे. तुले भेटाले निघाले का घालत, तो."

मग शेंगा सोलता सोलताच त्यांनी सांगितलं. घरी त्या माणसाला वास यायचा तो घामाचा, कोठ्यातल्या शेणाचा आणि फवारणीच्या औषधाचा. औषधाचा तर आंघोळीनेही जात नसे. पोरीच्या मैत्रिणींनी नाक मुरडू नये म्हणून शनिवारी ते फवारा हाती धरत नसत आणि रविवारी अंग दोनदा घासत. सुट्टीत ती घरी आली, तरी तेवढे दिवस फवारा टाळत आणि मागच्या दारी आंघोळ करूनच आत येत.

अख्ख्या कंपनीत समीक्षाच्या नाकाचा दबदबा होता. त्या नाकाला बाबा पाचवीपासून शेवटपर्यंत पाहुण्यासारखे भेटत राहिले होते.

"मी पुन्हा करतो," ती म्हणाली आणि पट्टी चुरगळू लागली.

तानाबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"राहू दे. हा वास मले दारापर्यंतच भेटे. मंग ते एसटीत बसत, तुह्याकडे."

त्यांनी पट्टीची घडी केली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि पुढची शेंग घेतली.

समीक्षा उठून मागे कोठ्यात गेली. बैल कधीच विकले होते. फवारणीचा पंप मात्र खुंटीवर होता, त्याचा पट्टा बाबांच्या खांद्याच्या जागी झिजलेला. तिने त्याला नाक लावलं. वास अजून होता, डोळ्यांत पाणी आणणारा. तिने नाक मागे घेतलं नाही.