होडीतला माणूस

तिकिटाच्या अर्ध्या तुकड्यावरची चिनी अक्षरं सुलेखाच्या घामेजल्या बोटांनी पुसट झाली होती... चिनी सिनेमा संपून दहा मिनिटं झाली तरी ती मॅनहॅटनमधल्या त्या लहानशा थिएटरच्या पायरीवरच उभी होती. शेजारी तिचा नवरा, विनय, ऑफिसच्या ब्लॅकबेरी फोनात डोकं घालून.

"दोन तास, यार, आणि काही घडलंच नाही," तो म्हणाला. "माणूस होडीतून येतो, जातो, परत येतो. तो मेलेला होता, की त्या नायिकेला नुसता आठवत होता?"

 सुलेखाच्या लेखी होडीतल्या माणसाने मान वळवली तेव्हा तो शार्दूल होता — नागपूरच्या कॉलेजातला, ज्याच्याशी तिचं लग्न ठरता ठरता राहिलं. आणि दीड महिन्यापूर्वी, कुणाच्या तरी ईमेलमधल्या एका ओळीत, जो गेला. तेव्हा ती रडली नव्हती. चेहराच आठवेना, तर रडायचं कुणाला बघून? फोटो तिनेच लग्नाआधी फाडलेले. आणि आज अंधारात तो अख्खा दिसला — खाली बघून हसणं, डाव्या भुवईतली बारीक खाच, सायकलवरून पडला होता तेव्हाची... पडताना मी पाहिलं होतं ना त्याला? की ती खाच पडद्यावरच्या माणसाची?

विनय कॉफी आणायला गेला. तिने कॉलिंग कार्डावरून नागपूरच्या मैत्रिणीला, लतिकाला फोन लावला. कॉलेजातलं सगळं तिलाच ठाऊक.

"लतिका, शार्दूलच्या भुवईत खाच होती ना गं?"

"हे विचारायला फोन केलास?" मग म्हणाली, "खाच नाही गं. चष्मा होता त्याला. जाड, काळ्या फ्रेमचा. तूच तर चिडवायचीस."

चष्मा. सुलेखाने डोळे मिटून होडीतल्या माणसाला चष्मा लावून पाहिला — तो कुणी तिसराच झाला...

विनयने कप तिच्या हातात दिला. "आत रडत होतीस. पाहिलं मी," तो हळूच म्हणाला. "कुणासाठी ते नको सांगूस. परत बघायचाय? दोनचा शो आहे."

ज्याच्यासाठी रडू आलं तो कोण, हे तिलाच कळेनासं झालं होतं. रडू मात्र खरं होतं. आणि याला — याला कधीपासून कळत होतं? ती विनयचा चेहरा पाहत राहिली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, पाठ करावा तसा... आणि पाहता पाहता तोही तिला अनोळखी वाटू लागला.