पिंजऱ्यातली पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि मित्रांनो, माझं अर्धंअधिक आयुष्य उलटं गेलं. उलटं म्हणजे खरोखरच उलटं, तळ वर आणि तोंड जमिनीकडे. अशाने मन स्वस्थ कसं राहणार? तेव्हा सांगता सांगता मी भरकटले तर सांभाळून घ्या.

एका सुताराने मला खिडक्यांच्या काचा नेण्यासाठी बनवलं. फळ्या चांगल्या जाड घेतल्या, कारण काचेला धक्का लागून चालत नाही. मी न्यायालयाच्या इमारतीत आले, काचा खिडक्यांत बसल्या, आणि गरज सरो वैद्य मरो म्हणतात तशी माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे सोबतीला झुरळं होती.

मग एक दिवस एका मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. कठडा मोठ्या माणसांच्या मापाचा, त्यामुळे वरून पोराचा फक्त भांग दिसत होता.

"आरोपी आणलाय की नुसते केस?" न्यायाधीश साहेब म्हणाले. सगळे हसले. शिपायाने मला ओढत आणलं, पालथं घातलं आणि मुलाला वर चढवलं.

"हां, आता दिसतोय," साहेब म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाला आपण उपयोगी पडलो म्हणून मी फुशारून गेले होते.

पुढे कितीतरी मुलं माझ्यावर चढली. कुणी सायकल पळवलेली, कुणी मारामारीत डोकं फोडलेलं. चेहरे मला दिसत नसत, तळवे तेवढे कळत. आणि इथेच सगळा घोळ होता. मी आतून पोकळ. वरच्या पोराचे पाय लटपटले की माझ्या पोटात ठकठक घुमायची आणि ती दालनभर ऐकू जायची. साहेबांना वाटायचं, पोरगं मुद्दाम पाय आपटतंय. "माज बघा," ते म्हणायचे आणि निकालात पश्चात्ताप दिसत नाही असं घालायचे. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितलं असतं. ते तळवे मी अजून विसरलेले नाही, आणि त्यांची आठवण आली की मला जागेवर चैन पडत नाही.

साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी बाई आल्या. बाईंनी देशोदेशीची बालन्यायालयं फिरून पाहिली होती. मधल्या सुट्टीत डबा उघडला की त्या आपल्या कारकुनाला सांगायच्या.

"एका देशात मूल आईशेजारी खुर्चीवर बसतं. मधे साधं टेबल, पिंजरा नाही. दुसरीकडे चौदाच्या आतलं मूल न्यायालयात आणतच नाहीत, समाजसेवक घरी जातात. एका देशात गुन्हा मोठा असला की पोराला सरळ मोठ्यांच्या न्यायालयात उभं करतात. आणि एके ठिकाणी, ज्याचं नुकसान झालं तो माणूस आणि ते मूल समोरासमोर बसून बोलतात."

"मग पोरं सुधारतात कुठली?" कारकुनाने घास थांबवून विचारलं.

"सगळीकडची काही सुधारतात, काही नाही. कुठे जास्त, कुठे कमी. पण आपली सुधारली का, हे आपण कुठे मोजलंय?"

हे ऐकून माझी झोपच उडाली. पोर तेच, चूक तीच, मग सीमा ओलांडली की शिक्षा बदलते कशी? खरा न्याय कुठला? बाई डबा धुऊन मोकळ्या झाल्या, मी मात्र ते घोळवत बसले.

अशातच ती मुलगी आली. चौदा वर्षांची, मामाकडे राहणारी. तिने बसवर दगड मारला होता. काच फुटली आणि ड्रायव्हरचा डावा डोळा गेला. आता तिला अठराव्या वर्षापर्यंत बंद सुधारगृहात पाठवायचं की मामाच्या घरी राहू द्यायचं, हे ठरायचं होतं. ती माझ्यावर चढली आणि ठकठक सुरू झाली.

"बघा, पाय आपटतेय," सरकारी वकील म्हणाले.

बाई उठल्या, पिंजऱ्यापाशी आल्या आणि वाकून त्यांनी हात माझ्यावर टेकवला. माझा ऊर भरून आला.

"आपटत नाहीये. कापतेय," त्या म्हणाल्या. "खाली ये बाळ, मामाजवळ बस."

मग त्यांनी ड्रायव्हरला समोरची खुर्ची दिली. तो खुर्ची पुढे ओढून बसला.

"बाई, तुम्ही बाहेरचं फार बघून आलाय म्हणतात. एक सांगा, माझा डोळा कुठल्या देशात परत मिळतो?"

"कुठल्याच नाही," बाई म्हणाल्या.

तो मुलीकडे वळला. "का मारलास?"

"बस थांबली नाही. हातात दगड होता. काच फुटेल, एवढंच वाटलं."

"काचेमागे मी होतो."

"तुम्ही दिसला नाहीत," ती म्हणाली आणि रडू लागली.

बाईंनी तिला घरी ठेवलं. शाळा सोडायची नाही, आणि दर महिन्याला इथे न्यायालयात ड्रायव्हरसमोर येऊन बसायचं. यात कुचराई झाली तर सुधारगृह. ड्रायव्हर उठला. "मी येईनच असं सांगत नाही," म्हणाला आणि निघून गेला. पिंजराही मग काढला, मला सुलटं करून कुणीतरी दालनाबाहेरच्या बोळात टाकलं, आणि बसायला सोयीचं म्हणून लोकांनी पुन्हा पालथं घातलं. नशीब कुठे सुटतं?

मित्रांनो, कुठल्या देशाची रीत बरोबर हे मला अजून उमगलेलं नाही. पण कुणाचं मूल चुकलं तर त्याला उंचावर चढवून चारचौघांत दाखवू नका. आधी जवळ जाऊन बघा, एवढं माझं ऐका.

पुढच्या महिन्यात मुलगी आणि मामा वेळेआधीच आले. ड्रायव्हर येतो की नाही, या काळजीने मामा बोळात येरझाऱ्या घालत होता. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. उशिरा का होईना, ड्रायव्हर आला आणि माझ्यावर बसला. मुलगी त्याच्या डाव्या हाताला होती.

"पोरगी आली नाही वाटतं," तो मामाला म्हणाला.

मामा काही बोलणार तोच मुलगी हलली. मागून वळसा घालून ती त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"आलेय," ती म्हणाली.

ड्रायव्हरने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग तो माझ्यावर जरासा सरकला आणि त्याने तिला जागा करून दिली.