मोहरबंद चष्मा

मुद्देमालाच्या खोलीत काम करायचं तर एक नियम मनात पक्का हवा: पिशवीवर एकदा लाखेची मोहर लागली की कोर्टाच्या हुकुमाशिवाय ती उघडायची नाही. तिच्या मनात तो इतका पक्का होता की पोलीस ठाण्यात सगळे तिला 'लाखताई' म्हणत. तिच्या बोटांना सदा लाखेचा वास यायचा. घरी साखरेच्या डब्यावरही तिने चिठ्ठी डकवली होती. बाबा म्हणायचे, "एक दिवस ही मला पिशवीत घालणार, आणि हिची आई हसत हसत साक्षीदार म्हणून सही करणार!"

आज मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. तिची उमेदवारी संपत होती आणि तपासणी अधिकारी आले होते. त्यांनी चांगला शेरा दिला तर नोकरी कायम, नाहीतर काकांच्या रंगाच्या दुकानात डबे ढवळायचे.

साहेब आले तेव्हा टेबलावर चष्म्यांचा ढीग होता. चष्म्यांच्या दुकानातून चोरीला गेलेले काळ्या फ्रेमचे चाळीस नवेकोरे चष्मे सकाळीच सापडले होते.

"माझ्यासमोरच बांधा," साहेब म्हणाले. "मी साक्षीदार होतो."

दुसरा साक्षीदार म्हणजे ठाण्यातले जुने हवालदार, सगळ्यांचे मामा. मामांनी घाईघाईने टोपी चढवली आणि सलाम ठोकला.

लाख वितळली, धूर झाला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने खाली मान घालून चष्मे मोजले. बरोबर चाळीस. पिशवी बांधली, मोहर उठवली. साहेबांनी रुमालाने डोळे पुसत, ती बोट ठेवेल तिथे सही केली. मामांनीही केली.

"छान!" साहेब म्हणाले. "आता ती फळी बघू. माझा चष्मा कुठाय? डोळे पुसायला काढून इथेच ठेवला होता."

टेबलावर नव्हता. खिशात नव्हता. टेबलाखालीही नव्हता. मग तिघांनी एकदमच पिशवीकडे पाहिलं. म्हणजे दोघांनी पाहिलं. साहेबांनी तोंड कपाटाकडे केलं.

मामा फिसकन हसले. "साहेब, तुम्ही स्वतःचाच चष्मा जप्त केलात की!"

"फाडा ती पिशवी," साहेब म्हणाले. "कोण बघतंय?"

"साहेब, तुम्हाला तर काहीच दिसत नाहीये," मामा म्हणाले.

तिलाही हसू फुटलं, पण अर्ध्यातच विरलं. पिशवीत चाळीस होते, त्यातला एक साहेबांचा. म्हणजे मुद्देमालातला एक गायब! पिशवी उघडली की तिचं पितळ उघडं पडणार होतं. गुपचूप उघडली तर कुठला तरी चष्मा आत कोंबता आला असता.

"नाही साहेब. कोर्ट समोरच आहे. हुकूम घेऊन उघडू. आणि आधीच सांगते, आत एक चष्मा कमी भरणार आहे."

"अगं लाखताई, तुझ्या पायावर तूच धोंडा मारून घेतेस!" मामा कळवळले. "आणि ही टोपी का टोचतेय आज?"

अशी ती वरात निघाली. पुढे ती, पिशवी डोक्याच्या वर धरून, मागे मामा, मामांच्या खांद्यावर हात ठेवून साहेब. मधेच साहेबांनी एका खांबाला "नमस्कार" केला, तेव्हा मामांना हसू आवरेना, आणि मामा हसले की खांदा हलायचा, खांदा हलला की साहेब डुगडुगायचे.

न्यायाधीशबाईंनी सगळं ऐकलं. त्यांच्या ओठांचा कोपरा थरथरत होता. हुकूम झाला, मोहर त्यांच्यासमोर तुटली.

"यातला तुमचा कोणता?"

"काळा," साहेब म्हणाले.

सगळेच काळे होते.

"बाई, मी सांगू?" ती पुढे झाली. तिचा भौतिकशास्त्राचा अभ्यास असा कामाला येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "चाळीस चष्मे एकेक करून लावून बघायला नको. दुकानातल्या नव्या चष्म्यांना साध्या काचा असतात. छापील कागदावर चष्मा धरून डावी-उजवीकडे हलवायचा. साध्या काचेतून ओळी जागच्या जागी दिसतील. साहेबांना लांबचं दिसत नाही, त्यांच्या काचेतून ओळी बारीक दिसतील आणि चष्म्याबरोबर सरकतील."

"मला द्या!" न्यायाधीशबाई खुर्चीतून उठल्याच. मग कारकून उठला, शिपाई उठला, दोन वकील आपला खटला सोडून आले. सगळं कोर्ट कागदावर चष्मे हलवत होतं.

"सरकल्या! ओळी सरकल्या!" बाई लहान मुलीसारख्या ओरडल्या.

साहेबांच्या नाकावर चष्मा बसला. कारकुनाने उरलेले मोजले. एकोणचाळीस. हशा थांबला.

बाई सावरून बसल्या. "चाळिसावा कुठाय? आणि हवालदार, कोर्टात टोपी काढतात, माहीत नाही?"

मामांनी टोपी काढली. कपाळावर, पांढऱ्या केसांत रुतलेला, काळा कुळकुळीत चाळिसावा चष्मा.

"मामा!"

"अगं, बायको म्हणते मला चष्मा शोभेल," मामांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणून सकाळी जरा लावून बघितला. तेवढ्यात साहेब आले. मी टोपी घातली, आणि चष्मा आतच..."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. साहेब तर भिंतीला टेकून हसत होते.

मामांना समज मिळाली. चाळीस चष्मे तिथेच पुन्हा बांधले गेले. मामांना हात पाठीमागे बांधून उभं केलं होतं. साहेबांनी या वेळी अक्षर न् अक्षर वाचून सही केली. मग स्वतःचा कागद काढून शेरा लिहिला आणि तिच्यापुढे सरकवला.

'पिशवी बांधताना लक्ष कमी पडले. उघडताना पडले नाही. कायम करावे.'

तिने आवरायला म्हणून लाखेची कांडी हातात घेतली मात्र, साहेबांनी दोन्ही हातांनी चष्मा घट्ट धरला.