अकरा तुकडे

बायको गेल्याचं कळलं तेव्हा शिंपी तिच्याच झग्याची बाही लावत होता. फोन खाली ठेवला आणि सुई बाहीत तशीच सोडून तो दवाखान्यात धावला.

खिडकीतल्या बाईंनी कागद पुढे ओढला. "काय आजार होता?"

"लिम्फँजिओलायोमायोमॅटोसिस," तो एका दमात म्हणाला.

बाईंचा पेन थांबला. "जरा हळू सांगा हो."

त्यानं एकेक तुकडा सुटा करून सांगितला. मग सवयीनं मागे वळून पाहिलं. शाबासकी द्यायला मागे कोणी नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी फुप्फुसाच्या या आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा बायकोनं खाकी कागदाचे अकरा तुकडे कापून, त्यांवर ते फोडून लिहून, मशीनच्या वर भिंतीला टाचले होते. काजं करता करता ती ते त्याच्याकडून पाठ करून घ्यायची.

"लिम्, फँ, जि, ओ, ला, यो, मा... अगं, एवढ्यात तर अख्ख्या कोटाचं माप लिहून होतं!"

"पुढे चला. ‘टो’वर जोर द्यायचा, डॉक्टर म्हणालेत. कापडातला तुमचा जोड शोधून सापडत नाही, आणि इथे नुसती ठिगळं!" ती हसायची. हसता हसता दम लागायचा, मग टेबल धरून उभी राहायची.

तिला ते एकाच माणसासाठी हवं होतं. "आईला वाटतं, तुमच्या दुकानातल्या धुळीनं माझी छाती भरली. मी सांगायला गेले तर म्हणते, नवऱ्याची बाजू घेतेस. तुम्हीच आजाराचं नाव घेऊन नीट सांगा तिला."

"आधी तोंडात बसू दे, मग सांगतो," तो म्हणायचा. असं करत दोन वर्षं गेली.

तिसऱ्या दिवशी सासूबाई दुकानात येऊन बसल्या. मशीनवरून बोट फिरवलं, बोटाला चिकटलेले कापडाचे बारीक तंतू बघत राहिल्या.

"जावईबापू, एवढ्या धुळीत बसवलंत हो माझ्या पोरीला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"धूळ नाही, आई. तिला ते..." त्यानं भिंतीकडे पाहिलं. "लिम्. फँ. जि..." तुकड्यांवरचं अक्षर तिचं होतं. चौथ्यावर तो अडला.

"राहू द्या. पाणी प्या आधी," म्हणत सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळच्या गाडीनं त्या गावी परत गेल्या.

त्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.