पोर शहाणी झाली

बनीच्या डोक्यात फणी घालणं म्हणजे उधळलेल्या रेड्याला वेसण घालण्यापैकी होतं. अवघ्या कापडे गावाला ते ठाऊक होतं. चार वर्षांची पोर, पण आजीनं, म्हणजे ठकूबाईनं, फणी हातात घेतली की खालच्या आळीपर्यंत पळायची आणि तिथून "ये थेरडे!" म्हणून वेडावून दाखवायची. तिची आई, म्हणजे ठकूबाईची सून आनंदी, दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, बाप मुंबईला. हे कार्टं आजीच्या गळ्यात. ठकूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "नात नव्हं ती, मागल्या जल्माची वैरीण हाय."

त्या दिवशी सकाळपासून खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. ठकूबाईचा नवरा गोमाजी पेंढ्या दगडावर आपटत होता, ती सुपानं भात वारवत होती, आणि दोघांचं भांडण ऐन रंगात आलं होतं. तेवढ्यात बनी पेंढ्यांच्या उडवीवर चढली आणि चार पेंढ्यांसकट घसरून दगडावर डोक्यावरच आपटली.

रडली मात्र नाही. डोळे फिरवले, घटकाभर तशीच पडली, मग उठून बसली.

"वा गो वाघिणी!" गोमाजी म्हणाला. "डोळ्यातनं टिपूस नाय काढला!"

कानाच्या वर चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. शेजारची रखमा धावत आली. तिनं दगडाला दोन लाथा घातल्या, पोरीला हळद लावली, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि वर पेज पाजली. पेज बनीनं ओकून टाकली.

"भ्यालीय वो. निजू द्या तिला," रखमा म्हणाली.

ठकूबाईनं पोरीला मांडीवर घेतलं. केसांत भाताची कुसं अडकली होती, म्हणून टेंगूळ वाचवून तिनं हळूच फणी घातली. बनी हलली नाही. गुंता ओढला गेला, तरी हूं की चूं नाही. आजीनं वेणी घातली, फीत बांधली. पोर मुकाट बसून राहिली.

गोमाजी खूश झाला. "बघ गो, पडली नि शाणी झाली! आपून आदीच आपटाया हवी व्हती."

रखमा खदखदून हसली. ठकूबाईनं मात्र फणी टाकली आणि पोरीचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"बने, मी कोन गो?"

"आजी," पोर म्हणाली. मऊ आवाजात, अडखळत. आणि तिच्या पापण्या जड होऊन मिटायला लागल्या.

"अवो, उटा. डोली बांदा. पोलादपूरला डाक्टरकडं न्यायची."

"याड लागलं काय? भात उघड्यावर हाय. पोर गप बसलीय, तर तुला बघवत नाय?"

"गप बसलीय म्हनूनच! चार वर्सं हिच्याशी मी भांडतेय, तुमी नाय. ही आपली बनी नव्हं. भात गेलं चुलीत! येत नसाल तर मी नि रखमा नेतो, पर माज्या हातची भाकर इसरा."

भाकरीचं नाव निघालं तसा गोमाजी उठला. घोंगडीची डोली बांबूला बांधली, पुढं गोमाजी, मागं रखमाचा नवरा महिपत. ठकूबाई पोरीचं डोकं सावरत बाजूनं धावत होती. "बने, थेरडी म्हन की गो! येकदाच म्हन!" पोर म्हणेना. उभ्या जन्मात ठकूबाई एवढी कधी भ्याली नव्हती.

डॉक्टर पुण्याकडचे, तरणेताठे. बॅटरीनं डोळे बघितले, हातपाय हलवून बघितले. "मेंदूला हादरा बसलाय. आज इथेच ठेवा. पुन्हा ओकली किंवा हाक मारून जागी झाली नाही, तर लगेच सांगा, महाडला हलवू. पण वेळेवर आणलंत. लोक दोन-दोन दिवस दृष्टच काढत बसतात. तुम्ही कशावरून ओळखलंत?"

"येनी घालू दिली मला," ठकूबाई म्हणाली.

डॉक्टरांनी गोमाजीकडे पाहिलं. गोमाजीनं मान खाली घातली. "खरं हाय सायेब. माज्या ध्यानात नाय आलं."

रात्री दोघांनी पाळीपाळीनं पोरीला हाका मारून उठवलं. गोमाजीला भाताची आठवणसुद्धा झाली नाही.

सकाळी डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी धरली. बनीनं एक डोळा उघडला, बॅटरीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि त्यांच्या मनगटाला कडकडून चावली.

"अगं आई गं!" डॉक्टर हात झटकत ओरडले. "आजी, काय पोर आहे ही! काही वळण लावलं की नाही हिला?"

ठकूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"नाय वो डाक्टर," ती म्हणाली. "नि औंदा तरी लावनार नाय."