भाकर उलटेपर्यंत

हॉर्न म्हणजे मोटारीचा भोंगा नव्हे. पितळेची नळी गुंडाळून केलेलं ते वाद्य असतं, पुढे कर्ण्यासारखं तोंड. मी ते कामठीला पलटणीच्या बँडात शिकलो. पुढे कारंज्याला परत आलो आणि निजामुद्दीन मास्तरच्या लग्नाच्या बँडात लागलो. वाद्यं मास्तरची, फुंकणारे आम्ही.

हॉर्नवर गाणं वाजत नाही. गाणं क्लॅरनेटवाल्या जगदेवकडे. ढोल धम म्हणतो, मग मी पों म्हणतो. वरातीत हॉर्नवाल्याकडे कोणी पाहत नाही, पण तो थांबला तर गाणं लंगडतं.

घरी सराव करायचा तर नुसतं पों-पों. लग्न होऊन सोजर आली तेव्हा हसून म्हणाली, "हे काय? गाणं कुठं हाय तुमचं?"

"जगदेवकडे हाय."

"मंग मी म्हणतो. तुमी पों करा."

बँडच्या तालमीला ती माझी भाकर घेऊन यायची आणि पायरीवर बसून ऐकायची. दोनदा ऐकली की चाल तिची झाली. मग संध्याकाळी ती चुलीपुढे गुणगुणायची आणि मी दाराशी बसून वाजवायचो. वरात निघतानाची एक चाल आमची नेहमीची. तिच्या शेवटच्या ओळीआधी सोजर थांबायची, तव्यावरची भाकर उलटायची आणि मग ओळ उचलायची. मीही थांबायचो. वरातीत मात्र थांबत नसे. तेव्हा ते आपोआप जमायचं.

आश्विनात सोजर तापाने गेली.

तुळशीचं लग्न झालं, लग्नं सुरू झाली. मी हॉर्न काढला. शेजारची रंगूबाई दारात आली. "उकंडराव, मले वाटलं म्हशीची वगारच हंबरून राह्यली." मग माझ्याकडे नीट पाहून ती परत गेली. थोड्या वेळाने तिने वाटीभर वरण आणून ठेवलं.

पहिलं लग्न कामरगावचं. नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन निघाला आणि आम्ही ती चाल धरली. शेवटच्या ओळीआधी मी थांबलो. थांबायचं मनात नव्हतं. ढोलवाला सैफुद्दीन अडखळला, जगदेव एकटाच पुढे गेला, घोडी बिचकली. वऱ्हाडातलं कोणी ओरडलं, "अबे, बँडवाल्याईले जेवू घातलं नाही काय?" लोक हसले. पुढच्या फेरीलाही मी तिथेच थांबलो.

मास्तरने मला बाजूला घेतलं. "काहून थांबला बे? फुंक संपली काय?"

"नाही मास्तर. भाकर उलटून राह्यली होती."

मास्तरने सोजरला माझी भाकर घेऊन पायरीवर बसलेलं पाहिलं होतं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "अल्ला तिले जन्नत देवो. पण वाशीमचं लग्न मोठं हाय, उकंडा. तिथं असं झालं तं हॉर्न दुसऱ्याले द्या लागीन."

जगदेव म्हणाला, "मनात मोजत जाय ना."

घरी मोजून वाजवलं. बरोबर आलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा बरोबर आलं. पण मोजताना तिचा आवाज येईना. नुसते आकडे आणि पों-पों. मी हॉर्न खाली ठेवला.

सकाळी चिंच लावून घासला, आतलं पाणी काढलं आणि मास्तरकडे नेऊन दिला.

"रागावला काय?"

"नाही. मोजलं की वाजवता येते मले. पण मोजून वाजवायचं नाही."

"मंग करशील काय?"

"कापसाच्या जिनात गठाणी उचलीन."

मास्तरने हॉर्न घेतला.

आता मी जिनात जातो. परवा संध्याकाळी वरात आमच्या गल्लीतून गेली. मी चुलीपुढे होतो. तीच चाल होती. हॉर्नवर नवा माणूस होता, चांगला वाजवत होता. शेवटची ओळ आली तसा मी तव्याकडे हात नेला. भाकर उलटेपर्यंत ओळ पुढे निघून गेली होती.